बारशानंतरची कावीळ

मराठी घरात तान्ह्या बाळाच्या पहिल्या दीड महिन्याचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्या दिवशी बारसे, सव्वा महिना बाळंतिणीची खोली, शेक-शेगडी, धुरी आणि तेल-मालीश. आणि गेल्या काही दशकांत त्यात भर पडली ती दीड महिन्याच्या लसीची. सुरतेत तीन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांनीही हा क्रम सोडलेला नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतील यंत्रमागांच्या खडखडाटातही पाचवीची पाटी-लेखणी पाटावर मांडली जाते, हे आम्ही अनेक घरांतून पाहिले आहे. या वेळापत्रकाशी अगदी अंगचे नाते असलेल्या एका दुखण्याची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आमच्या मनात बरेच दिवस होते. हे दुखणे विरळा आहे. पण ते ओळखण्याचा काळ इतका थोडा असतो आणि ओळखण्याची खूण इतकी घरगुती असते, की ती खूण न कळल्यामुळे मूल गमवावे लागावे यासारखे दुर्दैव नाही.

प्रथम साध्या काविळीविषयी. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी सुमारे सहा बाळे जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर दिसू लागतात. गर्भातील तांबड्या रक्तपेशी जन्मानंतर वेगाने मोडतात, त्यांतून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य निघते, आणि नवजात यकृताचा हात त्या कामाला अजून सरावलेला नसतो. आठ-दहा दिवसांत तो सरावतो व पिवळेपणा ओसरतो. फार वाढला तर रुग्णालयात निळ्या प्रकाशाखाली बाळाला ठेवतात. जन्मल्यानंतर पहिल्याच दिवशी दिसणारी कावीळ मात्र तातडीची समजावी. तो विषय निराळा. एरवी बारशाच्या पाळण्यात घालताना बाळाचे डोळे बहुधा पांढरे झालेले असतात, निदान पिवळेपणा उतरणीला लागलेला असतो.

बारसे उलटून दोन आठवडे पुरे झाले तरी डोळ्यांत पिवळी छटा कायम आहे, असे बाळ आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तीन आठवड्यांची मुभा द्यावी, त्याहून अधिक नाही.

यकृत सतत पित्त तयार करते. यकृताच्या आत केसांहून बारीक पित्तवाहिन्यांचे जाळे असते. त्या एकमेकींस मिळत मिळत, तापीला तिच्या उपनद्या मिळाव्यात तशा, यकृताबाहेर एका मोठ्या वाहिनीत येतात आणि ती वाहिनी आतड्यात उघडते. पित्तामुळे अन्नातील स्निग्धांश पचतो. शिवाय शरीराला नको असलेली कित्येक द्रव्ये याच वाटेने बाहेर पडतात. बिलिरुबिन हे त्यांतील एक. मनुष्याच्या विष्ठेला जो पिवळा-तपकिरी रंग असतो तो या पित्ताचाच. या वाहिन्यांची दुखणी मोठ्या माणसांतही होतात. मध्यम वयाच्या स्त्रियांना अंगभर सुटणारी खाज आणि न संपणारा थकवा यांच्या मुळाशी कधी कधी यकृतातील बारीक पित्तवाहिन्यांचा दीर्घकालीन दाह असतो. पण सर्वांत निर्दय रूप तान्ह्या बाळातले. त्यास डॉक्टर ‘बिलिअरी अट्रेसिया’ म्हणतात. आपण पित्तवाहिनी बुजणे म्हणू.

या आजारात यकृताबाहेरची पित्तवाहिनी जन्माच्या सुमारास दाह होऊन आकसते आणि पहिल्या काही आठवड्यांत दोरीसारखी घट्ट, बंद होऊन जाते. पित्ताला वाट उरत नाही. ते यकृतातच तुंबते, यकृताच्या पेशी मारते, आणि त्या जागी निबर तंतू माजून यकृत दगडासारखे होऊ लागते. उपचार न झाल्यास बहुतेक मुले दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. पाश्चात्त्य देशांत साधारण पंधरा ते अठरा हजार जन्मांमागे असे एक बाळ असते. तैवानमध्ये प्रमाण याच्या दुप्पट-तिप्पट आहे. नेमके कारण शास्त्राला अद्याप गवसलेले नाही. इतके मात्र निश्चित, की आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कोणाची दृष्ट लागली, याच्याशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. सर्वसाधारणपणे तो आनुवंशिकही नाही. आईच्या माहेरच्या रक्तात खोट काढण्याची हौस ज्यांना असते त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आजाराचा कावा असा, की पहिले दोन महिने बाळ छान दिसते. दूध पिते, वजन धरते, हसते. शेजारच्या बायका कौतुक करतात. पिवळ्या झाकेला तर ‘गोरं आहे हो’ असेही म्हटले जाते. खरी बातमी दुपट्यात असते. बाळाची शी दिवसेंदिवस फिकी होत जाते. जन्मानंतरची पहिली काळसर शी आणि पुढचे काही दिवस रंग ठीक असू शकतो. मग पिवळ्याची फिकट पिवळी, मग सायीसारखी, मग राखेसारखी किंवा पांढऱ्या मातीसारखी. उलट लघवी, जी तान्ह्या बाळाची पाण्यासारखी असावयास हवी, ती गडद होऊन लंगोटावर पिवळा डाग ठेवते. आतड्यात न पोचलेला रंग मूत्रपिंडांवाटे वाट काढतो, एवढाच याचा अर्थ.

मराठीचा अभ्यासक म्हणून आम्हांस येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपला ‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’ या शब्दाच्या कुळातला. आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचा एक वेगळा प्रकार सांगितला आहे. त्यात रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो आणि त्याचे कारण पित्ताचा मार्ग अडला, असे दिले आहे. वाट अडली की रंग जातो, हे निरीक्षण इतक्या जुन्या काळी झाले होते. ते विद्वानांच्या ग्रंथात राहिले आणि बाळंतिणीच्या खोलीत मात्र पोचले नाही, याची खंत वाटते.

कारण पाहणारे डोळे त्या खोलीतच असतात. वडिलांच्या हाती बाळ येते ते न्हाऊन-माखून, काजळ-तीट लावून. डॉक्टरांच्या टेबलावर येते तेव्हा त्याचे लंगोट कोरडे असते. दुपटी बदलते आजी, मालीशवाली किंवा मोठी जाऊ. त्यातून खोलीत वारा नको म्हणून खिडकी बंद, आणि वर पिवळा दिवा. त्या उजेडात गोरे, सावळे, पिवळे सारे एकच दिसते.

आपल्या सुरतकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात तापीकाठच्या सुरत-भुसावळ गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशा कोठल्या तरी गावी जाते आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर सासरी येते. प्रसूतीचे कागद एका गावी, लसीचे दुसऱ्या गावी, आणि बाळाचा बाप सुरतेत सांच्यावर. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तो रोज बाळाचे तोंड पाहतो. पण पडद्यावर कावीळ दिसत नाही.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी नेमके हेच घडले. मुलगी माहेरी जन्मली. पिवळेपणा जाईना तेव्हा कोवळ्या उन्हात धरणे झाले, चुन्याच्या पाण्यात हात धुववून कावीळ उतरवणे झाले, गळ्यात काविळीची माळ झाली. एका ठिकाणी ‘अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, जाईल’ असे सांगून यकृताच्या शक्तीचे थेंब देण्यात आले. सुरतेला आणल्यावर तपासण्या होऊन मुंबईस शस्त्रक्रिया झाली तेव्हा मुलगी शंभर दिवसांच्या आसपास होती. थोडे पित्त वाहिले, मग थांबले. दुसऱ्या वाढदिवसाआधी ती गेली. त्यानंतर काही महिन्यांनी तो शाळेत आला होता, एका दाखल्यासाठी. जाता जाता म्हणाला, “सर, शी पांढरी होते हे सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. पण हे कुणाला सांगायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.” त्या बाईंना दोष देण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता, आमच्याही नाही. हा लेख लिहिण्याचे कारण ते वाक्य आहे.

‘बाळाला लिव्हर झाले’ हा शब्दप्रयोग आपल्या वडीलधाऱ्यांना नवा नाही, आणि त्यानेच काही वेळा दिशाभूल होते. त्यांना आठवते ते दुखणे वेगळे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचे पोट फुगे, यकृत टणक होई आणि मूल हातचे जाई. एकाच घरात दोन-दोन भावंडे गेल्याचेही ऐकिवात आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या रोगाचा माग काढला, आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी बोट ठेवले ते आपल्या स्वयंपाकघरातील पितळी व तांब्याच्या भांड्यांवर. कल्हई नसलेल्या अशा भांड्यात तापवलेल्या वा साठवलेल्या दुधात तांबे उतरते. वरच्या दुधावर लवकर घातलेल्या तान्ह्या बाळाच्या यकृतात ते साठत जाते, कारण तांबे शरीराबाहेर टाकण्याची वाट म्हणजे पुन्हा पित्तच. घरोघर स्टीलची पातेली आली, लोकांना सांगितले गेले, आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. हल्ली तांब्या-पितळेची पुन्हा चलती आहे. पाहुण्यांसमोर मिरवायला ती भांडी खुशाल काढावीत, बाळाच्या दुधाला नकोत. परंतु जुन्या ‘लिव्हर’ची खूण मोठे झालेले पोट ही होती, आणि ती आठवून घरातली माणसे पोट चाचपत बसतात. पित्तवाहिनी बुजलेल्या बाळाचे पोट फुगेपर्यंत थांबले, तर मोलाची वेळ निघून गेलेली असते.

ती वेळ म्हणजे साठ दिवस. या आकड्यामागे जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठाचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांचे काम आहे. १९५५ साली त्यांच्यासमोर असे एक बाळ आले. बाहेरची वाहिनी पूर्ण बुजलेली. तोवरच्या समजुतीप्रमाणे काही करता येण्यासारखे नव्हते. कासाई यांनी बुजलेला भाग यकृताच्या दारापर्यंत खरवडून काढला, तेथून होणारा रक्तस्राव थांबेना म्हणून आतडेच त्या जागेवर टेकवून शिवले, असे सांगतात. आणि पुढे बाळाच्या शीला रंग आला. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांची तोंडे तेथे अजून उघडी होती. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत प्रसिद्ध केले. इंग्रजीत यायला १९६८ उजाडले. आज ही शस्त्रक्रिया कासाई यांच्याच नावाने ओळखली जाते. लहान आतड्याचा एक फाटा वर नेऊन यकृताच्या तोंडाशी जोडतात. बाळ साठ दिवसांच्या आत असेल तर पित्त वाहू लागण्याची शक्यता सर्वांत चांगली असते. अनुभवी केंद्रांत निम्म्याच्या आसपास वा त्याहून अधिक बाळांची कावीळ उतरते. पुढे दर आठवड्याला शक्यता घटते, कारण त्या सूक्ष्म वाहिन्याही एकामागून एक बुजत जातात. नव्वद दिवसांनंतर आशा बरीच उणावते. म्हणून ‘थोडे मोठे होऊ दे, मग भूल सोसेल’ हा पोक्त वाटणारा सल्ला येथे घातक ठरतो.

शस्त्रक्रियेने दुखणे मुळापासून जात नाही, हेही सांगितले पाहिजे. आतड्यातील जंतू वर चढून ताप आणि पुन्हा कावीळ येण्याचा धोका राहतो. अशा मुलाच्या तापाला घरचे औषध चालत नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. स्निग्धांश नीट पचत नसल्याने अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे वेगळी द्यावी लागतात. के जीवनसत्त्वाच्या अभावी कधी कधी नाळेतून वा डोक्यात रक्तस्राव होतो, आणि काही बाळांचा आजार दुर्दैवाने त्यावरूनच प्रथम ध्यानात येतो. काही मुले स्वतःच्याच यकृतावर मोठी होतात. बऱ्याच जणांना आज ना उद्या यकृतरोपण लागते. जगभर लहान मुलांत होणाऱ्या यकृतरोपणांचे सर्वांत मोठे कारण हाच आजार आहे.

किंबहुना यकृतरोपणाचा इतिहासच या बाळांपासून सुरू होतो. १९६३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मनुष्यावरील पहिले यकृतरोपण केले ते याच आजाराच्या तीन वर्षांच्या मुलावर. ते टेबलावरच गेले. १९८९ मध्ये शिकागो येथे एका आईच्या यकृताचा तुकडा तिच्या तान्ह्या मुलीला बसवण्यात आला, आजार हाच. यकृत हा असा अवयव आहे, की दात्याकडे उरलेला आणि बाळाला दिलेला असे दोन्ही भाग पुन्हा वाढतात. आपल्या देशात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात कांचीपुरमच्या वीस महिन्यांच्या मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा भाग बसवून भारतातील पहिले यशस्वी बालयकृतरोपण झाले. त्यालाही पित्तवाहिनी बुजण्याचाच आजार होता. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

सुरतेचे नाव अवयवदानात देशभर घेतले जाते, त्यातील एक प्रसंग येथे सांगावासा वाटतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये येथे जन्मलेल्या एका बाळाने डोळेच उघडले नाहीत. मेंदू मृत झाल्याचे निदान झाल्यावर, बाळाचे आयुष्य जेमतेम चार-पाच दिवसांचे असताना, त्याच्या आईवडिलांनी मूत्रपिंडे, नेत्रपटले, यकृत व प्लीहा दान केले. ज्या पाचवीच्या दिवसांत सटवाई भाळी लिहिते म्हणतात, त्या दिवसांत एका घराने दुसऱ्यांच्या लेकरांचे भाळ लिहिले. याहून अधिक लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही.

आता घरात करावयाचे ते. बाळ चौदा दिवसांचे झाले की खिडकी उघडून दिवसाच्या उजेडात त्याचे डोळे पाहावेत आणि रोजची शी पाहावी. पिवळेपणा असेल तर डॉक्टरांकडे रंग बिघडलेले दुपटेच घेऊन जावे. लाज वाटण्याचे कारण नाही. रक्ताच्या तपासणीत नुसते एकूण बिलिरुबिन न पाहता ‘डायरेक्ट’ बिलिरुबिनही तपासा, असे स्पष्ट सांगावे. एकूणातला हा भाग वाढलेला असेल तर ती अंगावरच्या दुधाची कावीळ नव्हे. दुधाच्या काविळीत शी पिवळी राहते आणि बाळाला काही अपाय नसतो. दूध कोणत्याही स्थितीत आपल्या मनाने तोडू नये. पुढे पोटाची सोनोग्राफी, गरज पडल्यास यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून तपासणी, हे बालशल्यचिकित्सक ठरवतात. डाम देणे, माळा घालणे, जडीबुटी पाजणे यांत बाळाचे दिवस जातात, आणि डामाने कोवळ्या कातडीला जी जखम होते ती निराळीच.

आशाताई घरी येतात त्यांनाही हे विचारावे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, असे त्यांच्या भेटींचे दिवस ठरलेले असतात; त्यांतील चौदाव्या दिवसापासूनच्या चारही भेटी आपल्या कामाच्या आहेत. दीड महिन्याच्या लसीला तर प्रत्येक बाळ दवाखान्यात जातेच. त्या दिवशी साठातले पंधरा-अठरा दिवस हाती उरलेले असतात. मुलगी माहेरी असेल तर सुरतेतील आजोबांनी रोजच्या फोनवर ‘दूध पितं का?’ याच्याबरोबर शीचा रंगही विचारावा. आरंभी संकोच वाटेल.

तैवानने २००४ सालापासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांची चित्रे छापलेले कार्ड देशभर दिले. आईने जुळवून पाहावे आणि फिका रंग दिसताच कळवावे, एवढीच योजना. तिने तेथील शस्त्रक्रिया लवकर होऊ लागल्या. आमच्याजवळ कार्ड नव्हते, खडू होते. शाळेच्या बालवाडीतील मातांच्या सभेत आम्ही पांढरा, फिका पिवळा आणि गडद पिवळा असे तीन खडू टेबलावर ठेवले आणि पहिल्या दोन्हींना ‘डॉक्टर’ म्हटले. बायका आधी पदराआड हसल्या, मग भराभर प्रश्न आले. मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, नातवाची शी हिरवी होते, त्याचे काय? आम्ही सांगितले, “आजी, हिरवा रंग पित्ताचाच. त्याची वाट मोकळी आहे.”